आईची पैठणी, पाव किलो रिठे आणि मी: नाजूक कपडे घरी कोण कसे धुतं?

कपाटवाली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात आईची ट्रंक उघडली. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तोवर हिंमतच होत नव्हती. आत निघालं ते असं: तिच्या लग्नातली जांभळी पैठणी (१९७८ ची, येवल्याची, पदरावर मोर), मावशीने भंडाऱ्याहून आणलेली कोशाची करवतकाठी, दोन इरकली, एक गुलाबी 'प्युअर सिल्क' जिचा इतिहास कुणालाच माहीत नाही, आणि तळाशी बाबांची घोंगडी. शिवाय माझे स्वतःचे पांढरे खादीचे कुर्ते आणि एक कलमकारी दुपट्टा आहेतच, ज्यांना मी आजवर पावडरीत बुचकळून छळलंय.

पैठणीला डांबरगोळ्यांचा इतका वास आहे की खोलीत डोकं दुखतं. पदराजवळ एक तेलकट डाग आहे, आणि घड्यांवर जर काळपट पडलीय. सगळे म्हणतात ड्रायक्लीनला दे. पण माझा ड्रायक्लीनवरचा विश्वास उडालाय. आमच्या इथल्या एकाने (नाव घेत नाही) माझ्या साखरपुड्याची साडी परत दिली तेव्हा आठवडाभर पेट्रोलपंपावर उभं राहिल्यासारखा वास, आणि काठाचा मरून रंग अंगावर चढलेला. विचारलं तर "मॅडम मालच तसा होता".

दुसरं म्हणजे मी मोशीला राहते. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीवरचा तो पांढरा फेस ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. त्यात कारखान्यांचा वाटा आहेच हे मान्य, पण आपल्या बादलीचंही पाणी तिकडेच जातं की. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो रिठे आणलेत आणि आता त्यांच्याकडे बघत बसलेय.

कुणी खरोखर घरी केलंय का हे सगळं? व्हॉट्सॅपवर आलेलं सांगू नका प्लीज, ते माझ्याकडेपण आलंय.

टुकटुक_माकड

एवढं काय त्यात, मशीनला डेलिकेट मोड असतो, टाका आणि विसरा. मी स्वेटरपासून सगळं त्यातच टाकतो, आजवर एकही कपडा मेला नाहीये.

घाणेरीचं_फूल

माकडा, पैठणी मशीनमधे?? वाचूनच छातीत धस्स झालं.

कपाटवाली, रिठ्याचं मी सांगते, दहा-बारा वर्षं तेच वापरतेय. एका साडीला दहा-बारा रिठे पुरतात. आधी फोडून आतली काळी बी काढून टाक, फेस फक्त सालात असतो, बी नुसती खडखडते. सालं रात्री लिटरभर कोमट पाण्यात भिजव, सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळ, गार झाल्यावर हाताने कुस्कर आणि मग जुन्या मलमलच्या तुकड्यातून गाळ. नुसत्या गाळणीतून नको, बारीक चोथा कापडाच्या विणीत जाऊन बसतो आणि तपकिरी ठिपके पडतात (स्वानुभव, पांढरी चिकनकारी, जाऊदे).

हे पाणी अर्ध्या बादलीत मिसळ. फेस पावडरीसारखा भरभरून येणार नाही, आणि फेस नाही म्हणजे मळ निघत नाहीये असं समजून अजून ओतत बसू नको, सगळे हीच चूक करतात. साडी पाच-सात मिनिटं फक्त दाबायची आणि सोडायची. चोळायचं नाही, पिळायचं नाही, ब्रशचं तर नावच नको. मग साध्या पाण्यातून दोनदा काढायची आणि टर्किश टॉवेलात गुंडाळी करून पाणी टिपायचं.

उरलेला काढा फ्रिजमधे तीन-चार दिवस टिकतो, मग आंबूस वास येतो. मी बर्फाच्या ट्रेमधे गोठवून ठेवते, एकदा नवऱ्याने सरबतात टाकला होता.

अजून एक, हे डोळ्यात गेलं तर जाम चुरचुरतं. लहान मुलं लांब ठेव.

आजीचा_बटवा

रिठा छानच. पण पहिल्यांदा धुताना मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, रंग पक्का होतो. आमच्याकडे चार पिढ्या हेच करतायत.

रंगारी_काका

इचलकरंजीत प्रोसेसिंगमधे तीस वर्षं काढली, रंगाच्या वाफेनं नाक गेलं पण डोकं अजून शाबूत आहे, म्हणून चार शब्द.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं, म्हणजे आपल्या केसांची भावंडं. सुती, लिनन हे सेल्युलोज, म्हणजे झाडाचा भाग. सुताला खार (म्हणजे मीठ नव्हे, सोड्यासारखा अल्कली) चालतो, एवढंच काय मर्सराइज करताना आम्ही त्याला कॉस्टिक सोड्यातून काढतो आणि उलट चमक येते. रेशमाला तोच खार हळूहळू खातो. बाजारातल्या साध्या कपड्याच्या पावडरीच्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो, म्हणजे चांगलाच खाराच्या बाजूला, धुण्याच्या वडीचाही तिथंच. रिठ्याचं पाणी किंचित आंबट बाजूला असतं, म्हणून रेशमाला मानवतं. आजीला पीएच माहीत नव्हता पण साडीचा पोत माहीत होता.

दुसरं, हल्लीच्या भारी पावडरींमधे एन्झाइम असतात. त्यातला एक प्रकार प्रथिनाचे डाग पचवतो, रक्त, दूध, अंडं वगैरे. आता जो एन्झाइम अंडं पचवतो त्याला तुमची साडी आणि अंडं यातला फरक कोण सांगणार? एका धुण्यात काही दिसत नाही, दहाव्या धुण्याला रेशीम निस्तेज होतं आणि विरतं.

तिसरं, ओलं असताना रेशीम आणि लोकर दोन्ही कमजोर होतात, सुती मात्र उलट जास्त मजबूत होतं. म्हणूनच धोब्याच्या दगडावर धोतर टिकतं आणि रेशीम टिकत नाही.

आणि तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर साबण त्यातल्या चुन्याशी मिळून चिकट पांढरा थर धरतो, रिठा तसा थर धरत नाही. हा त्याचा मोठा फायदा कुणी सांगत नाही.

बटवाताई, राग मानू नका पण मिठाचं जरा बोलायला लागेल. रंगाच्या टाकीत आम्ही पोत्यानं मीठ घालतो, कारण मीठ रंगाला पाण्यातून सुताकडं ढकलतं. पण कापड तयार होऊन दुकानात आल्यावर मिठानं तो पक्का होत नाही. मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटलेला दिसतो हे खरं आहे, म्हणूनच चार पिढ्यांना वाटलं की जमलं, पण पुढच्या साध्या पाण्यात तो सुटायचा तेवढा सुटतोच. आणि जरीच्या साडीला तर मीठ नकोच, चांदी-तांब्याला मीठ म्हणजे वैरी.

आजीचा_बटवा

काका तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. माझी १९९१ ची इरकल अजून लालभडक आहे.

रंगारी_काका

ती लालभडक आहे कारण रंगवणाऱ्यानं काम चोख केलंय. श्रेय त्याला द्या की ताई. :)

खडीसाखर

मीठ प्रकरणावर वेगळा धागा काढा, पॉपकॉर्न आणते.

बरं काका, ते व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालून धुवायचं ते? रील्सवर रोज एक बाई करते.

रंगारी_काका

फसफसतं छान. मग दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात साधं खारट पाणी उरतं. व्हिनेगर एकटं, तेही बादलीला एखादा चमचा, शेवटच्या खळबळण्यात रेशमाला किंवा लोकरीला चालतं, साबणाचा उरलेला खार निघतो आणि चमक येते. पण जरीच्या साडीला तेही नको, आंबट आहे. आणि सोडा रेशमाला नकोच.

लिंबूटिंबू

आंबटावरून आठवलं, कलमकारीवाल्या कपाटवाली, माझं ऐक. मीपण असाच शहाणपणा केला होता. दुपट्ट्यावर चहा सांडला, आईच्या भाषेत 'चमक येते' म्हणून अख्खं लिंबू पिळलं. चहाचा डाग तर राहिलाच, पण चित्राची काळी रेघ जिथे लिंबू लागलं तिथे पिवळट-राखाडी होऊन गायब. आता दुपट्ट्यावरच्या एका राधेला नाक नाही.

नंतर बनवणाऱ्याकडे प्रदर्शनात विचारलं तेव्हा कळलं की तो काळा रंग म्हणजे गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी, ते हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लावलं की काळं होतं. आंबट लागलं की लोखंड विरघळून निघून जातं. आणि उलट साबणाच्या खाराने मंजिष्ठेचा लाल जांभळट व्हायला लागतो. म्हणजे आंबट पण नको आणि खारट पण नको, असं ते नाजूक प्रकरण. सौम्य रिठा, गार पाणी, पाच मिनिटं, सावलीत वाळवणं, बास.

खडीसाखर

बिचारी राधा.

हळदीचंही असंच ना? पांढऱ्या कुर्त्यावर भाजीचा डाग पडला की साबण लावल्या लावल्या लाल होतो आणि मी दरवेळी घाबरते.

रंगारी_काका

लाल झाला तर घाबरू नका, कुंकू त्याच तत्त्वावर करतात, हळदीला खार दिला की लाल. साबण निघून गेला की परत पिवळा होतो. तो पिवळा घालवायला पांढऱ्या सुतीला कडक ऊन द्या, हळदीचा रंग उन्हात टिकतच नाही, दोन-तीन दिवसांत उडतो. फुकटात काम होतं आणि ब्लीचही लागत नाही. मात्र हे फक्त पांढऱ्या सुतीला. रेशीम उन्हात टाकाल तर ते पिवळं पडतं आणि कुजतं.

वैनगंगाकाठ

करवतकाठीचं नाव वाचून थांबलो, आमच्या गावचं हाय ना बाप्पा ते!

कोसा म्हणजे टसर, आपल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर किडे पोसतात, ढिवर समाजाची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करून राहिली. त्याचा तो मधासारखा रंग रंगवलेला नसतो, तसाच येते. म्हणून ज्या कोशाच्या अंगाला रंग दिला नाही त्याचा अंगाचा रंग जायची भीती नाही, काठ मात्र रंगीत सुताचा असते, तिथंच पाहा. करवत म्हणजे काठाच्या कडेचे ते आरीसारखे दाते, विणतानाच तीन धोटे घेऊन दोन रंग एकमेकांत अडकवतात. तिथं चोळलं तर सूत सरकते.

आमची आजी कोसा धुतल्यावर पूर्ण वाळू द्यायची नाही, किंचित दमट असतानाच दोघी बाया दोन टोकं धरून ताणत आणि मग घडी घालून गादीखाली ठेवत. इस्त्री कधी पाहिलीच नाही त्या साडीनं. हां, कोशावर पाण्याचे शिंतोडे मारून इस्त्री करू नका, ठिपके पडतात ते पुन्हा धुतल्याशिवाय जात नाहीत.

स्नो_आणि_शेवया

न्यू जर्सीतून वाचतेय. ड्रायक्लीनबद्दल थोडं. त्याला ड्राय म्हणतात कारण पाणी नसतं, ओलं असतंच, फक्त द्रावक वेगळं. इथे वर्षानुवर्षं पर्क नावाचं रसायन वापरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, आणि इथल्या पर्यावरण खात्याने डिसेंबर २०२४ मधे ते ड्रायक्लीनिंगमधून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम काढला. आपल्याकडे बऱ्याच छोट्या दुकानांत पेट्रोल किंवा टर्पेंटाइनच्या जातीचं द्रावक असतं, तुला आलेला वास तोच असणार. घरी आणल्यावर प्लॅस्टिक लगेच काढून गॅलरीत टांगून ठेवायची, कपाटात नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. सासूबाईंनी दिलेल्या पश्मिन्याला बारीक भोकं पडलीत. इथे डांबरगोळ्या वापरायच्या नाहीयेत, घरात तान्हं बाळ आहे.

घाणेरीचं_फूल

बाळ असेल तर अजिबात नकोच. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांना डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते. माझ्या बहिणीला डॉक्टरांनी बारशाच्या आधीच बजावलं होतं की पेटीतली जुनी दुपटी थेट बाळाला गुंडाळू नका.

भोकं म्हणजे कसर लागलीय. तिकडे मोठा फ्रीजर असेल ना? शाल पिशवीत हवाबंद करून आठवडाभर उणे १८ ला ठेव, अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. मग बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर गारठलेल्या शालीवर दव धरतं. मग झटक. पुढे वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेव, पण त्याने असलेली कसर मरत नाही, नवीन यायला जरा बिचकते इतकंच. खरा उपाय म्हणजे स्वच्छ करून ठेवणं, किड्यांना घामाचे आणि अन्नाचे डाग आवडतात.

माणदेशी

घोंगडीबद्दल कुणी बोलंना म्हणून आलो.

ताई बाबांची घोंगडी धुवायच्या फंदात पडू नका. एकतर दख्खनी मेंढीची लोकर, राकट असती, मळ धरत नाही पटकन. दुसरं म्हणजे सणगर लोक विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ देत्यात, त्यानंच ती ताठ उभी राहती आणि पावसाचं पाणी लगेच आत जात नाही. धुतली की खळ गेली, मग ती लोळागोळा होती. आमच्याकडं वर्षातनं दोनदा उन्हात टाकत्यात, काठीनं झोडपत्यात, पुन्हा घडी. एवढंच. माझ्या चुलत्याची घोंगडी माझ्या वयाची हाय आणि तिनं पाणी पावसाचंच बघितलंय.

लईच घाण झाली तर गार पाण्यात रिठा, आणि गरम-गार असं आलटून पालटून अजिबात नाही. लोकरीला खवलं असत्यात, गरम पाण्यात रगडली की ती एकमेकांत अडकून आक्रसती. नमदा होतो.

सासष्टीची

गोव्यातून +१ घोंगडीवाल्यांना. :)

आमच्याकडे प्रश्न मळाचा नाही, पावसाचा आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या साडीवर बुरशीचे ठिपके येतात आणि एकदा काळे ठिपके धागा धरून बसले की जात नाहीत. मी हे करते: मृगाच्या आधी सगळ्या सुती साड्यांची खळ धुवून काढते. खळीत स्टार्च, स्टार्च म्हणजे बुरशीला आणि कसरीला जेवण. आईची लाल चौकडीची कुणबी साडी आहे, जाड सुती, तिला काही होत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि नेमकी तीच खळीसकट पेटीत सडते. वापरायच्या आदल्या दिवशी उकडे तांदळाच्या पेजेत बुडवली की झालं, पेज अशीतशी घरात असतेच.

पावसाळ्यात एखादा कोरडा दिवस मिळाला की कपाटांची दारं सताड उघडी. प्लॅस्टिकच्या साडीकव्हरांना तर मी घरातून हद्दपार केलंय, आत दमट हवा अडकते. जुन्या मऊ धोतराचे तुकडे सगळ्यात चांगले.

जरीपटका

पैठणीच्या जरीवर कुणीच बोललं नाही म्हणून. माझं दुकान नाही, पण येवल्यात नातेवाईक मागावर बसतात.

७८ ची असेल आणि जर काळी पडलीय तर आनंद माना, बहुतेक चांदी आहे. प्लॅस्टिकची जर अशी काळी पडत नाही. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून धाग्याभोवती गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. म्हणून साडीच्या घडीला रबरबँड लावायचं नाही (रबरात गंधक असतं), लोकरीच्या शालीबरोबर एका गाठोड्यात ठेवायची नाही, डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही, आणि अत्तर-स्प्रे साडी नेसायच्या आधी अंगाला, साडीवर कधीच नाही. काळेपणा घालवायला लिंबू, चिंच, टूथपेस्ट, चांदी पॉलिशचं पाणी यातलं काहीही लावू नका. वरचा मुलामा आधी निघतो. काळपट जर ही म्हातारपणाची सुरकुती समजा.

घडी दर दोन-तीन महिन्यांनी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर जर घडीवरच तुटते. जरीची बाजू आत. हँगरवर नको, पदराच्या वजनाने रेशीम ओढलं जातं.

आणि धुणार असाल तर आधी एक करा: आतल्या बाजूला, निऱ्यांच्या टोकाला, कानात घालायची कापसाची काडी ओली करून प्रत्येक रंगावर अर्धा मिनिट दाबून धरा. काडीला रंग लागला तर धुणं रद्द. विषय संपला.

तेलाच्या डागाला पाणी नाही, टाल्कम पावडर किंवा खडूचा चुरा रात्रभर, सकाळी मऊ ब्रशने झटका, गरज पडली तर परत.

कमळकुंड

सगळे रिठ्याची आरती करताय म्हणून माझं पाप सांगते. 'नैसर्गिक आहे' म्हणून धुणं झाल्यावर बादलीभर रिठ्याचं पाणी मी गच्चीतल्या कमळाच्या कुंडात ओतलं. संध्याकाळी सगळे गप्पी मासे उलटे. सगळे. डासांसाठी हौसेने सोडले होते, तेवीस होते.

मग वाचलं तर कळलं की पूर्वी लोक मासे धरायला डोहात असल्याच फेसाच्या वनस्पती कुटून टाकायचे, तो फेसाचा घटक माशांच्या कल्ल्यांवर काम करतो. म्हणजे ओढ्याकाठी बसून रिठ्याने धुणं हेसुद्धा 'इको' नाही. मातीत मुरलं तर जिवाणू त्याचं विघटन करतात, पण थेट साठलेल्या पाण्यात नको. आता मी झाडाच्या आळ्यातही रोज एकाच ठिकाणी ओतत नाही.

कपाटवाली

बापरे, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तर सोसायटीच्या तळ्यात ओतायचा बेत केला होता. गप्पींना श्रद्धांजली.

टुकटुक_माकड

इतकं वाचून मला कळलं ते हे की सगळ्यात पर्यावरणपूरक उपाय म्हणजे कपडे न धुणे. मी कॉलेजपासून याच मताचा आहे.

वैनगंगाकाठ

हसून राहिले पण पोरगं खरं बोलून राहिलं. आमचे आजोबा पूजेचा मुकटा कुठं रोज धुवत? नेसून झाला की सावलीत दांडीवर, बस्स.

कपाटवाली

अपडेट!! तीन आठवडे झाले, पण घाईत काही केलं नाही याचं श्रेय तुम्हा सगळ्यांना.

पैठणी: काडीची टेस्ट केली. हिरव्या काठाला काही नाही, पण जांभळ्याने काडी अशी रंगली की मी ती फोटो काढून ठेवलीय. म्हणजे ४७ वर्षं ही साडी एकदाही पाण्यात गेली नव्हती आणि मी तिला बुडवणार होते. धुणं रद्द. आतल्या खोलीत पंखा लावून, उलटी करून, दोन दोऱ्यांवर पसरून सहा दिवस ठेवली, रोज बाजू बदलली. डांबराचा वास जवळजवळ गेला. तेलाच्या डागाला दोनदा पावडर, पुष्कळ फिका झाला, पूर्ण गेला नाही. काकू म्हणाली तो डाग माझ्याच बारशातल्या जेवणाचा आहे, तेव्हापासून त्याला हात लावावासा वाटत नाहीये.

कोसा: रिठ्यात धुतला. पहिलं पाणी चहासारखं निघालं, मी हादरले, पण तो रंग नव्हता, धूळ होती. काठ शाबूत. माझ्याकडे टोकं ताणायला दुसरी बाई नव्हती, नवऱ्याला उभं केलं. त्याने एवढ्या जोरात ओढलं की मी दोन पावलं पुढे गेले. पण साडी काय सुंदर दिसतेय, त्या सोनेरीला नाव नाही माझ्याकडे.

इरकल: पहिली छान. दुसरीत चूक केली. खळबळून झाल्यावर दारावर कुरियरवाला आला, ओली तशीच गुंडाळलेली दहा मिनिटं राहिली आणि पदराच्या लाल रंगाने त्यातले पांढरे पट्टे गुलाबी. काका, काही होईल का?

गुलाबी 'प्युअर सिल्क': शंका आली म्हणून आतल्या दशीचे दोन धागे चिमट्यात धरून जाळले. रेशीम असतं तर केस जळल्यासारखा वास आणि हाताने चुरडणारी राख व्हायला हवी होती ना, तर झाली टणक काळी गोळी. चक्क पॉलिस्टर. आई तीस वर्षं ही साडी 'प्युअर आहे गं, हात पुसून धर' म्हणून माझ्या हाताबाहेर ठेवत होती. मी जमिनीवर बसून आधी हसले आणि मग बराच वेळ रडले.

घाणेरीचं_फूल

❤

रंगारी_काका

इरकल वाळली असेल तर अवघड आहे, ओली असतानाच परत भरपूर पाण्यात खळखळून काढायला हवी होती, सुटलेला रंग वाळला की घर करतो. तरी गार पाण्यात रिठा घालून दोनदा करून बघा, अर्धाअधिक उतरेल. पुढच्या वेळी पदर वेगळा धरून अंग आधी धुवायचं, पदर शेवटी, आणि मधे कोणीही दारावर आलं तरी उठायचं नाही.

आणि ती गुलाबी साडी बिनधास्त मशीनमधे टाका.

आजीचा_बटवा

मीठ घातलं असतं तर पट्टे गुलाबी झाले नसते. मी फक्त सांगते.

रंगारी_काका

नमस्कार करतो ताई.

सासष्टीची

कपाटवाली, दुसरी इरकल फारच बिघडली असेल तर फेकू नकोस, मऊ झालेल्या सुती साडीची गोधडी होते. चार साड्या लागतात, तीन अजून जमव.

कपाटवाली

बटवाकाकूंची १९९१ ची मिळेल का? :)

घोंगडी झोडपून झाली. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, आणि खालच्या काकांनी वर बघून जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. रिठ्याचं पाणी पार्किंगमागच्या मातीत, रोज वेगळ्या जागी. तळ्याकडे फिरकलेसुद्धा नाही.

टुकटुक_माकड

लोकहो, एक शंका. माणदेशी यांचं वाचून काल मुद्दाम कपाट उघडून बघितलं. डेलिकेट मोडवर गेली तीन वर्षं धुतलेला माझा मेरिनोचा स्वेटर सध्या पाच वर्षांच्या पुतण्याला बरोबर बसतोय. हा नमदाच ना?